नवतपातली सीडी

"प्रेमे, झील धर वं!"

त्या हाकेला पन्नास वर्षं होऊन गेली असतील. तरी मेथी निवडताना, नाहीतर बसच्या खिडकीशी डोळा लागताना ती प्रेमलताच्या कानात अजून उठायची, आणि हातातलं काम थांबायचं.

सावनेरकडचं गाव. भादव्याची पौर्णिमा सरलेली, मातीचे भुलाबाई-भुलोजी कोनाड्यात बसलेले, आणि पोरींचा घोळका आज या दारी, उद्या त्या दारी. घोळक्याच्या पुढे जयवंता. तिच्या मागे हातभर अंतरावर तिची धाकटी बहीण, प्रेमलता. जयवंता ओळ घ्यायची,

परसात जाई, कोण राखे वं?
अळणी भाजी, कोण चाखे वं?
थोरली नांदाया दूर गेली,
धाकटीचं मन कोण झाके वं?

आणि प्रत्येक ओळीचं शेपूट प्रेमलतानं उचलायचं. कोण राखे वं. कोण चाखे वं. हीच झील. नदीवर लुगडं पिळताना एकीनं पीळ द्यावा आणि दुसरीनं टोक धरावं, तसं हे काम. पीळ देणारीकडे सारा घाट बघतो. टोक धरणारीचे हात भरून येतात, पण ते तिचे तिलाच ठाऊक.

जयवंताचा आवाज नुसता गोड नव्हता. गोड आवाज गावात चार होते. तिच्या आवाजाला तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी एक खर होती. ती ऐकली की चुलीपुढची बाई फुंकणी हातात धरून दारात यायची.

गाणी सरली की खिरापत. घरधनीण झाकलेला डबा पुढे करायची आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. तिथे मात्र प्रेमलताचा हात कोणी धरू शकत नसे. डबा कानाशी नेऊन एकदा हलवला की ती सांगायची, "वर फुटाणे हायेत, खाली गूळ हाय. गूळ डब्याले चिकटला, म्हणून वाजून नाही राहिला." झाकण उघडावं तर तसंच. बाया हसायच्या, फुटाणे वाटायच्या आणि म्हणायच्या, "जयवंते, जाता जाता आणखी एक म्हण वं माय."

हेवा एका रात्रीत उगवत नाही. तो हरळीसारखा असतो. वरून कितीही खुडा, खालून मुळी सरकत राहते. एका दारातून दुसऱ्या दारात, माहेरच्या अंगणातून सासरच्या अंगणात.

आता प्रेमलता बासष्टीची होती, आणि जयवंताला जाऊन पाच महिने होत आले होते.

अश्विन लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी वैभवीचा फोन आला. वैभवी ही जयवंताची एकुलती एक लेक. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, बेस्याला फ्लॅट.

"मावशी, आमच्या सोसायटीत यंदा भुलाबाई बसवून राहिलो आम्ही. कोजागिरीले गाणी. एकीलेही गाणं येत नाही, साऱ्या मोबाईलमध्ये पाहून म्हणतात. म्हटलं, आईची सीडी लावू. काकाजींनी भरली होती नं? तुमच्याकडेच हाय नं ते?"

प्रेमलताचा हात पोळपाटावर थांबला. "पाहते," ती म्हणाली.

"पाहून ठेव वं. माझ्याजवळ आईचा आवाज नाही, मावशी. फोनमध्ये एकच निघाला. 'वैभे, गॅसवाला आला का?' बस. तेवढंच लावून लावून ऐकते मी."

खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या बाबारावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कानावर पलीकडचं बोलणं गेलं होतं. ते उठूनच उभे राहिले. "पाहते काय म्हणतं? हाय नं! तिले सांग, पुसून चकाचक करून ठेवतो म्हणा."

बाबारावांनी कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बत्तीस वर्षं काढली. समोर सुयांच्या तबकड्या, मागे यंत्रांची घरघर. त्या घरघरीतून घरी आलं की त्यांना गाणं लागायचं. आधी कॅसेटी होत्या. मग सीड्या आल्या आणि हा माणूस वेडाच झाला. सीताबर्डीवरून पिशवी भरून आणायचे. गझला, भजनं, नाट्यगीतं, कव्वाल्या. सहाशेच्या वर सीड्या लोखंडी कपाटात चेन लावलेल्या अल्बममध्ये, अकारविल्हे. "कॅसेट घासते," ते पाहुण्यांना सांगायचे, "हे घासत नाही. याच्यावर उजेड फिरते फक्त. आपल्या नातवाच्या नातवापर्यंत अशीच वाजीन."

वीस वर्षांमागे त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो सीडी लिहिणारा. कोराडी कॉलनीत अशी सोय असलेला तो पहिलाच. त्या कोजागिरीला जयवंता मुक्कामाला आली होती. बाबारावांनी क्वार्टरची पुढची खोली बंद केली, पंखा बंद केला, कोळशाच्या ट्रकचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. माईक ठेवला जयवंतासमोर.

"प्रेमा, तू दोन पावलं मागे सरक," ते म्हणाले होते. "तुझा आवाज चढते जरा."

ती सरकली. ती जन्मभर सरकतच आली होती, आणखी दोन पावलांचं काय!

चौदा गाणी झाली. सीडी तयार झाली, तेव्हा खालून निळसर हिरवी, मोराच्या मानेसारखी. वरच्या बाजूला बाबारावांनी मार्करनं जपून लिहिलं, "जयवंताबाई : भुलाबाईची गाणी." प्रेमलता पदराला हात पुसत शेजारी उभी होती. पेन दुसऱ्या ओळीवर उतरतं का, हे ती बघत होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दोन सीड्या झाल्या. एक जयवंताला, एक घरी. घरची अल्बममध्ये गेली नाही, तिला वेगळी डबी मिळाली. जवळ चार माणसं बसली की बाबाराव ती लावायचे, आणि नेमकी तेव्हाच प्रेमलताला चटणी वाटायची असायची. मिक्सर घर्रर्र सुरू व्हायचा.

"अवं, ऐक तं खरं एक वेळा," बाबाराव ओरडायचे. "पुरती ऐक. याच्यात तूही हाय."

"मी होतीच नं तिथे! मले काय ऐकाचं?"

तिनं ती सीडी एकदाही ऐकली नाही.

मग पाच-सहा वर्षांनी ते घडलं. कॉलनीत अक्षय तृतीयेचं हळदीकुंकू होतं. गाणारी ठरलेली बाई आजारी पडली आणि कोणीतरी प्रेमलताला पुढे ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ घ्यायला उभी राहिली, आणि झील धरायला मागे कॉलनीतल्या बाया. पहिलं कडवं ती घाईनं म्हणून गेली. पण दुसऱ्या कडव्याला आवाज मोकळा झाला. शेवटी टाळ्या. एक नवी नवरी तर रडलीच. प्रेमलता घरी आली ती जमिनीवरून चालत आली असं तिला वाटलं नाही. बाबाराव हॉलच्या दाराशी उभं राहून ऐकून आले होते. तिनं पाणी दिलं, पेला परत घेतला, तरी तिथेच उभी राहिली.

"कसं झालं?"

"मस्त!" ते मनापासून म्हणाले. "डोळे मिटले तं वाटलं, जयवंताबाईच गाऊन राहिल्या."

बिचाऱ्याला वाटलं, याहून मोठी शाबासकी ती कोणती द्यायची!

प्रेमलतानं पेला विसळला. आठ दिवस ती घरात कामापुरतंच बोलली. मग नवतपा लागला.

नागपूरकराला नवतपा सांगावा लागत नाही. मे सरतानाचे ते नऊ दिवस सूर्य माणसाला चुलीत घातल्यासारखा भाजतो. त्या दिवसांत गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कबुतरं चमकीला भितात म्हणून सारी कॉलनी जुन्या सीड्या दोरीनं टांगायची. प्रेमलताच्या गॅलरीतही मासिकांबरोबर फुकट आलेल्या चार टांगलेल्या होत्या. बाबाराव ड्युटीवर गेलेले. तिनं कपाट उघडलं, वेगळी डबी काढली, भोकातून सुतळी ओवली आणि त्या चौघींत पाचवी टांगून दिली. हिरवी बाजू उन्हाकडे.

फेकून दिली असती तर हुडकाहुडक झाली असती. तिला फेकायची नव्हती. काय करायचं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. थोडं भाजू दे, एवढंच मनात होतं. मी जशी भाजली.

नऊ दिवस ती तिथे फिरत राहिली. दुपारी वारा सुटला की तिचा उजेड खोलीच्या भिंतीवर नाचायचा, सात रंगांचा, तळहाताएवढा. कूलरसमोर पडल्या पडल्या प्रेमलता त्याच्याकडे बघायची. बरं वाटायचं, आणि उठून सीडी उतरवावी असंही वाटायचं. बाबाराव दोनदा गॅलरीत येऊन गेले. कबुतरांना शिव्या घातल्या. वर पाहिलंच नाही. दहाव्या दिवशी तिनं सीडी उतरवली, पदरानं पुसली आणि डबीत ठेवून दिली. मोराची मान फिकी पडली होती. अंधारात ठेवल्यावर कोणाला दिसणार होतं!

त्याच पावसाळ्यात सीडी प्लेअरची लेन्स गेली. दुरुस्तीला टाकू टाकू म्हणता बाबारावांना मोबाईलवर गाणी सापडली आणि कपाट मिटलं ते मिटलं. रिटायर झाल्यावर कोराडी रोडवरच्या ले-आउटमध्ये स्वतःचं घर बांधलं, कपाट तसंच उचलून इकडे आलं.

एकदा जयवंताचा फोन आला होता. "माझी सीडी लग्नघरी कोणी नेली वं, परत आलीच नाही. जाऊ दे. तुझ्यापाशी हाय नं एक? तेवढी जपजो. म्हातारपणी दोघी बसून ऐकू."

"हाय," प्रेमलता म्हणाली होती. "कुठे जाते?"

यंदाच्या वैशाखात जयवंता दवाखान्यात होती तेव्हा घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. प्रेमलता तीन दिवस उशाशी बसली. पाऊस लवकर येईल म्हणतात, संत्र्याचा आंबिया बहर बरा आहे, असलं सारं बोलली. एक सोडून सारं बोलली.

वैभवीचा फोन आला त्याच दुपारी बाबारावांनी डबी काढली. चष्मा कपाळावर चढवला आणि सीडी खिडकीशी धरली.

"प्रेमा."

त्या हाकेनंच तिला कळलं.

"प्रेमा, इकडे ये वं. हे पाह्य काय झालं."

सीडी कडेनं तपकिरी पडली होती, जळक्या पापडासारखी. वरचा मुलामा मार्करच्या अक्षरांपाशी पोपडे धरून निघाला होता. 'जयवंताबाई'मधला 'ज' आणि 'य' त्यांच्या बोटाला चिकटून आला. उजेडात धरल्यावर बारीक बारीक भोकं दिसत होती. आणि खालची बाजू राखेसारखी पांढुरकी.

बाबारावांनी घाबरून बाकीचे अल्बम काढले. त्यांतल्याही काही गेल्या होत्या. कुठे कड पिवळी, कुठे ढगासारखा डाग, कुठे रेक्झिनच्या कप्प्याला मुलामाच चिकटून बसलेला. पण हिच्यासारखी हालत एकीचीही नव्हती.

"राख," ते शेवटी खाली बसत म्हणाले. "कोराडीची राख. पंचवीस वर्षं त्या क्वार्टरमध्ये राहिलो. ताटात राख, गादीवर राख. याच्यात गेली नसीन? अन् हिले वेगळ्या डबीत ठेवलं मीच शहाण्यानं. डबी ढिली होती." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "त्या पोरीले काय तोंड दाखवू मी? तिच्या मायचा आवाज मी राखला नाही."

प्रेमलता दाराला टेकून उभी होती. आता बोलावं, असं तिला वाटलं. ओठापर्यंत आलं. पण बाबारावांचे डोळे भरून आलेले तिला दिसले आणि हरळीची ती जुनी मुळी पुन्हा सरकली. तिच्या बाळंतपणात हा माणूस डोळ्यातून टिपूस न काढता ड्युटीवर गेला होता. आणि ताईच्या सीडीसाठी रडतो! मेल्यावरही तीच पुढे.

"राखच असन," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढचे चार दिवस बाबारावांनी काय नाही केलं! कोणी सांगितलं, टूथपेस्ट लावा. कोणी सांगितलं, केळीच्या सालीनं पुसा. कोणी म्हणालं, फ्रीजमध्ये ठेवा. केळीच्या सालीपाशी प्रेमलताच आडवी आली. "ठेवा ते खाली! असन तेवढंही घालवसान!" तिच्या आवाजातली कळकळ ऐकून बाबारावांना तिची मायाच आली. "तुलेही वाटते नं शेवटी," ते म्हणाले. त्या मायेनं तिला चटका बसल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी वैभवी आली. एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. चप्पल काढता काढताच तिनं डबा प्रेमलतापुढे धरला.

"ओळख, मावशी. खिरापत."

"चल, व्हय बाजूला, आता काय ते वय हाय माझं?"

"हलव तं! ओळखलं नाही तं परत नेईन."

प्रेमलतानं डबा कानाशी नेला. एकदाच हलवला. "रेवड्या. अन् त्याच्यात एक-दोन तुटल्या हायेत."

वैभवी खदखदून हसली. झाकण उघडलं. रेवड्याच होत्या. "आई बरोबर म्हणे. साऱ्या दुनियेले सांगे, गळा काय, देवानं कोणालेही देला. कान असावा तं आमच्या प्रेमीचा. माझ्या लग्नातही सांगून राहिली होती विहिणीले."

प्रेमलताच्या हातात डबा तसाच राहिला. "असं म्हणे ताई?"

"तुले नाही म्हटलं कधी?"

प्रेमलतानं मान हलवली. म्हटलंही असेल. ताई बोलायची तेव्हा आपण मिक्सर लावलेला असायचा.

बाबारावांनी ओशाळून सीडी पुढे केली आणि राखेची सारी कहाणी सांगितली. वैभवीनं सीडी उलटी-पालटी केली. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "काकाजी, तुम्ही काहून रडता? माझ्या ऑफिसातल्या एकानं मले सीडी वाचाचं हे ड्राईव्ह देलं. त्यानं सांगितलं, घरी लिहिलेल्या सीडीत एक रंग असते. गाणं त्याच्यावर लिहिलं असते. ऊन लागलं की रंग उडते, अन् गाणंही. पण तुमच्या कपाटात ऊन कुठून येईन? तुमची राखच असन मग." तिनं डोळे पुसले. "मेली राख. साऱ्या कोराडीले खाते, माझ्या मायच्या गाण्यालेही खाल्लं."

प्रेमलता रेवड्या ताटलीत काढत होती. एक रेवडी खाली पडून दूर घरंगळत गेली. तिनं उचलली नाही.

ड्राईव्हमध्ये सीडी गेली. बराच वेळ नुसती घूं-घूं झाली, थांबली, पुन्हा झाली. वैभवीनं देवाचं नाव घेतलं. "आतल्या बाजूनं वाचाले सुरुवात होते म्हणे. कड गेली तरी पहिली एक-दोन गाणी निघतीन कदाचित."

आणि खरखर झाली. खरखरीतून तरुण बाबाराव बोलले, "हां. चालू झालं. म्हणा." कोणीतरी हसू दाबलं. बांगड्या वाजल्या.

परसात जाई, कोण राखे वं…

वैभवीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. बाबारावांनी डोळे मिटले. मध्ये मध्ये कडकड होत होती, तव्यावर तीळ टाकल्यासारखी. कुठे अर्धी ओळ गिळली जात होती. पण ती खर तशीच होती. भाकरीच्या पापुद्र्याची.

प्रेमलता सवयीनं उठली. पाय स्वयंपाकघराकडे वळलेही.

"बस वं आज," बाबाराव डोळे न उघडता म्हणाले.

ती बसली. आणि तिच्या कानानं, ज्या कानानं झाकल्या डब्यातला गूळ ओळखला होता, पहिल्यांदा ते गाणं ऐकलं.

तिची झील आधी येत होती.

थोडीशीच. जयवंताची ओळ पुरती व्हायच्या आत मागून "कोण राखे वं" घुसत होतं. वाट न बघता, चढ्या आवाजात, दाराशी रेटारेटी करणाऱ्या पोरीसारखं. पहिल्या ओळीला तसंच, दुसऱ्या ओळीला तसंच. तिला अंग चोरून घ्यावंसं वाटलं. इतकी का मी ढकलत होते? आणि मग तिनं जयवंता काय करते तेही ऐकलं. तिसऱ्या ओळीपासून जयवंता आपली ओळ आवरती घेत होती. शेवटचा हेलकावा, ज्यासाठी बाया चुली सोडून दारात यायच्या, तो ती अर्ध्यातच मोडत होती, धाकटीला जागा व्हावी म्हणून. न थांबता, न रागावता. चालता चालता कडेला सरकावं तशी. दुसऱ्या गाण्यात तसंच. तिसऱ्या गाण्यात तसंच.

जन्मभर सरकले मी, असं प्रेमलता म्हणत आली होती. आणि इथे सरकून कोण राहिलं होतं?

तिसरं गाणं संपलं. बाबारावांनी तेव्हा रेकॉर्डिंग मध्ये थांबवलंच नव्हतं. खोलीतली तेव्हाची शांतता आता या खोलीत आली. दूर एक ट्रक गेला. बांगड्या किणकिणल्या. मग हलक्या आवाजात, माईकपासून तोंड वळवून, जयवंता म्हणाली,

"प्रेमे, कसं झालं वं?"

हे प्रेमलताच्या ध्यानातून गेलं होतं. नाही, गेलं नव्हतं. तिनं घालवलं होतं. आता यापुढे आपला आवाज येणार, आपण काय म्हणालो ते येणार. तिला चांगलं आठवत होतं. ती म्हणाली होती, "मी चहा टाकते." तेवढंच. बाबाराव पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी हे किती वेळा ऐकलं असेल, हे तिला आत्ता कळलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही हेही.

पण चहा आलाच नाही. नवतपानं नेमकं तेच खाल्लं होतं. कडकड झाली, सीडी अडखळली आणि मागे गेली.

"कसं झालं वं?… कसं झालं वं?… कसं झालं वं?…"

"अडकली," बाबाराव हळू आवाजात म्हणाले.

वैभवीनं थांबवायला हात पुढे केला.

"राहू दे," प्रेमलता म्हणाली. "वैभे, राख नव्हती ते."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी टांगली होती. क्वार्टरच्या गॅलरीत, कबुतरायले भेवाडाले. नवतपाचे नऊ दिवस. सुतळी ओवून मीच टांगली, अन् मीच उतरवून ठेवली. यायले माहीत नव्हतं. राखेनं काही नाही केलं, अन् यायनंही नाही."

वैभवीनं लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. मागे जयवंता विचारतच होती.

"तुले माहीत होतं ऊन लागल्यानं खराब होते?" वैभवीचा आवाज बारीक झाला.

"माहीत नव्हतं. पण खराब व्हावी असं वाटत होतं."

"चार दिवस हा माणूस रडून राहिला, मावशी. मी राखेले शिव्या देऊन राहिली. अन् तू रेवड्या वाढून राहिली!" वैभवी उभी राहिली, पुन्हा बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "काहून? आईनं तुझं काय केलं होतं?"

प्रेमलतानं उत्तर शोधलं नाही. ते पन्नास वर्षं तिच्यापाशीच होतं, झाकल्या डब्यात, डब्याला चिकटलेल्या गुळासारखं, म्हणून वाजत नव्हतं.

"काहीच नव्हतं केलं," ती म्हणाली. "मले जागा देली तिनं. मीच…"

"कसं झालं वं?… कसं झालं वं?…"

प्रेमलता सतरंजीवरून पुढे सरकली. वैभवीकडे नाही, बाबारावांकडे नाही. त्या फिरत्या, अडकलेल्या, भाजलेल्या चकतीपुढे ती बसली, लहानपणी भुलाबाईपुढे बसायची तशी, मांडी घालून.

"लय गोड झालं, ताई," ती म्हणाली. "तुझ्यावानी कोणालेच जमत नाही. मले तं कधीच जमलं नाही."